रद्दीच्या कपाटाला हार

दिनानाथ लांजेकर यांना रिकाम्या हाताने बसता येत नाही. लोक हे कौतुकाने सांगतात. कोपरखैरण्याच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्ट अडली की आधी लांजेकरकाका आठवतात, मग कंपनीचा माणूस. पण जो माणूस स्वतःच्या लग्नात, मुहूर्त तोंडावर आलेला असताना, मांडवातला गुरगुरणारा पंखा उघडून बसला होता, त्याच्याशी संसार करणं म्हणजे काय असेल याचा विचार करा जरा! भटजी अंतरपाट धरून उभे आणि नवरदेवाच्या हाताला ग्रीस. तो हात सुनीतीबाईंनी तसाच धरला, आणि तो अजून सुटलेला नाही, हे त्या बाईचे उपकारच म्हणायचे.

गाव लांज्याजवळचं. रत्नागिरीला आयटीआय करून दिनानाथ फिटर म्हणून रबाळ्याला आले, तेव्हा बोनकोड्यात वेणूबाई नावाच्या घरमालकिणीच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहायचे; लग्नानंतरही काही वर्षं तिथेच. रबाळ्याच्या कारखान्यात पॅनेल बनायची. पॅनेल म्हणजे कारखान्यात वीज वाटून देणारी, पुढे बटणं नि मीटर बसवलेली पत्र्याची मोठाली कपाटं. आत वायरींचं जंगल, त्यामुळे आतली हवा तापते. ती बाहेर गेली पाहिजे, पण बाहेरची धूळ नि पाणी आत येता कामा नये. "डब्याने श्वास घ्यायचा, पण कुणाला कळू द्यायचं नाही," असं दिनानाथ नव्या पोरांना सांगायचे. या एका गोष्टीत त्यांचा हात धरणारा त्या लाइनीत कुणी नव्हता. निवृत्त झाले तेव्हा साहेब म्हणाले, "लांजेकर, आता आराम करा." दिनानाथांना ते आशीर्वादापेक्षा शिक्षेसारखंच वाटलं.

सुनीतीबाई बेलापूरच्या कोर्टात कारकून होत्या. साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याला शपथ द्यायचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं. 'खरं सांगेन, खोटं सांगणार नाही' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय की ते अंगातच मुरलं. कोर्टाची टाचणी कधी घरी आली नाही. जाई, त्यांची मुलगी, लहान असताना बसमध्ये कंडक्टर स्वतःहून "अर्धं काढा की, ताई" म्हणायचा आणि या "बारा पूर्ण झालीत तिला" म्हणून भांडून पूर्ण तिकीट घ्यायच्या. जाई लाजेने खिडकीबाहेर बघत बसायची. अशी बाई. खोटं बोलणाऱ्यावर त्या चिडायच्या नाहीत, त्यांना त्याची कीव यायची, आणि ते जास्त झोंबतं.

तर या सुनीतीबाईंना नागीण झाली. डाव्या बरगडीवर फोडांचा पट्टा उठला. बोनकोड्याहून वेणूबाई धावत आल्या. म्हातारीचं वय झालंय, पण जुन्या भाडेकरणीवर जीव. "नागीन हाय ही, सुनीती. काव लाव, आनि तोंडाला शेपूट मिलू देव नको," असं बजावून गेल्या. काव म्हणजे गेरू, आणि पट्ट्याचा विळखा अंगाभोवती पुरा झाला की माणूस वाचत नाही, ही जुनी समजूत. शेपूट काही मिळालं नाही. डॉक्टरांच्या औषधाने फोड वाळले, खपल्या पडल्या, आणि सगळ्यांनी हुश्श केलं. पण आग तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, काहींना असं होतं, वेळ लागेल. गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की सुनीतीबाईंना दिवसभर गुंगी यायची, एकदा बाथरूममध्ये तोल जाऊन पडल्या. मग गोळ्या कमी केल्या आणि आग वाढली. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. हे तर जायचं नावच घेईना.

दिनानाथांनी मग काय करावं? त्यांना जे येतं ते केलं. पलंगाशेजारी हाताला लागेल असं दिव्याचं बटण आणलं. बसल्या बसल्या जेवता येईल असं फिरतं टेबल केलं. हाक मारायला नको म्हणून उशीपाशी घंटीचं बटण बसवलं. घंटी वाजली की दिनानाथ दारात हजर.

"काय हवंय?"

"काही नको. बसा ना जरा."

"आलोच," म्हणायचे आणि पान्हा घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे.

आता कुणी म्हणेल, काय दगड माणूस आहे! तसं नाही हो. त्या कण्हायच्या तेव्हा यांच्या हातातला पान्हा थांबायचा. यांचे वडील गेले तेव्हाही हे उशाशी नव्हते, परसात विहिरीचा रहाट दुरुस्त करत होते. दुखणाऱ्या माणसाजवळ नुसतं बसणं म्हणजे आपल्याकडून काहीच होत नाही हे कबूल करणं, आणि दिनानाथांना ते सोसत नाही.

जाई कॅनडात असते. एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "बाबा, आमच्या शेजारच्या आजींना अशीच नसांची आग व्हायची. त्या गांजाच्या तेलाचे थेंब घेतात. इकडे चालतं ते. घरी दोन-चार झाडं लावायलाही परवानगी आहे. पण ते इकडचं हं, बाबा. तिकडे नको ते काही डोक्यात घेऊ नका." दिनानाथांनी बोलण्याचा पहिला अर्धा भाग ऐकला. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी त्यांच्या डोक्यात पत्रा कापायला सुरुवातसुद्धा झाली होती.

गांजा! हा शब्द त्यांनी मनातसुद्धा हळूच उच्चारला. गुन्हा आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कोर्टातल्या बाईचा नवरा तो. याच कायद्यात सापडलेल्या एका पोराची आई कोर्टाच्या व्हरांड्यात सुनीतीबाईंच्या पाया पडली होती. त्या दिवशी सुनीतीबाई घरी येऊन जेवल्या नव्हत्या. ते सगळं आठवलं, आणि त्यातून दिनानाथांनी निष्कर्ष कोणता काढावा? तर हिला सांगायचं नाही! थेंब तयार झाले की आयुर्वेदिक आहेत म्हणून द्यायचे. तिला आराम पडेल, आणि आराम पडल्यावर कोण विचारतंय? चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोला एवढंच ओळखलं होतं.

जाईची मागची खोली मोकळीच होती. तिथे कपाटाचं काम सुरू झालं. घरात सांगितलं, जुनी कागदपत्रं नि रद्दी ठेवायला कपाट करतोय. सोसायटीतही तेच सांगितलं. आतल्या तपशिलात शिरायचं कारण नाही, आणि शिरूही नये. एवढंच सांगतो की आत दिवा होता, वारा होता, आणि बाहेरून बघणाऱ्याला भुऱ्या रंगाचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं असलेलं पत्र्याचं कपाट दिसायचं. उजेडाची रेघ नाही, आवाज म्हणाल तर कान लावला तरच. पलीकडच्या खोलीत बायको कण्हत होती आणि इकडे दिनानाथ बिजागरीला तेल घालताना गुणगुणत होते. किती महिन्यांनी त्यांना काम मिळालं होतं! आपण गुणगुणतोय हे लक्षात आल्यावर ते ओशाळले, पण परत थोड्या वेळाने सूर लागलाच.

बी कुठून आलं हे विचारू नका. रबाळ्याची जुनी ओळख, इतकंच. तीन रोपं वर आली. दिनानाथ सकाळी आंघोळ झाली की आणि संध्याकाळी दिवेलागणीला कपाट उघडून बघायचे. पान पिवळं पडलं की जीव खालीवर व्हायचा. झाडांशी बोललं की झाडं वाढतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून हळू आवाजात विचारायचे, "काय म्हणताय, बायांनो? बरं आहे ना?"

आणि त्याच वेळी भीतीही होती. जिन्यात खाकी पँट दिसली की तोंडचं पाणी पळायचं, मग तो कुरियरवाला का असेना. चोराच्या मनात चांदणं! पण दिनानाथांना खरी धास्ती पोलिसांची नव्हती. सुनीतीला कळलं तर ती आपल्याकडे त्या कीव आल्यासारख्या नजरेने बघेल, याची होती. ती नजर त्यांनी इतरांच्या वाट्याला आलेली पाहिली होती.

खंडेनवमी आली. पोटाला देणाऱ्या हत्यारांची पूजा करायचा दिवस. रबाळ्याच्या कारखान्यात या दिवशी काम बंद, मशीन धुऊनपुसून लख्ख, आणि झेंडूच्या हारांची नुसती रेलचेल. मशीनला तर हार घालायचेच, पण अर्धवट बनून उभं असलेलं जे पॅनेल असेल त्यालाही हार आणि कुंकवाचं बोट. हाताखालचं काम उघडंबोडकं ठेवायचं नाही अशी रीत. दिनानाथांनी ती तीसेक वर्षं पाळली होती.

त्या सकाळी त्यांनी पाटावर पान्हे, पकडी, हातोडी, ड्रिल मांडलं. हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली. सुनीतीबाईंच्या शिवणयंत्राला हार घातला, मिक्सरला घातला, खाली जाऊन स्कूटरला घालून आले. उरलेला हार घेऊन घरात फिरत राहिले. आणि हाताला काय झालं कोण जाणे, मागच्या खोलीत जाऊन त्यांनी तो कपाटाला घातला. वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हात जोडले, आणि चहा ठेवायला गेले. आपण काय केलं हे त्यांना कळलंसुद्धा नाही. सगळ्या जगापासून लपवलेल्या वस्तूला या माणसाने पिवळाधमक हार घालून ठेवला!

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमार आला. दरवर्षी पाण्याच्या पंपाची पूजा लांजेकरकाकांच्या हातून व्हायची, त्यासाठी बोलवायला. पोरगेलासा, बडबड्या, मनाने चांगला माणूस. घरातलाच असल्यासारखा थेट आत शिरायची सवय.

"काका, चला, पंप थांबलाय तुमच्यासाठी! एक पान्हा पण घ्या, वॉल्व्ह टाइट करायचाय," म्हणत तो मागच्या खोलीत गेला, कारण काकांची पेटी तिथे असायची. आणि तिथून त्याचा आवाज आला. "अरे वा! काका, रद्दीच्या कपाटाला हार? लय भारी! आता रद्दीची पण पूजा?"

दिनानाथ हातातलं पातेलं तसंच घेऊन धावले. नंदकुमारने कपाटाच्या पत्र्यावर हात ठेवला होता. "आणि हे गरम कसं काय लागतंय? आतून आवाज पण येतोय बारीक. काही शॉर्ट-बिर्ट नाही ना, काका? बघू का उघडून?"

चहाचं पाणी पातेल्याच्या काठावरून दिनानाथांच्या पायावर सांडलं, ते त्यांना जाणवलंही नाही.

"उघडू नकोस रे," मागून आवाज आला. सुनीतीबाई उठून दारापर्यंत आल्या होत्या, एक हात चौकटीवर. "माझ्या साड्या आहेत आत. पावसाळ्यात पैठणीला बुरशी धरली, म्हणून मीच सांगितलं यांना, कपाटात बल्ब लावून छोटा पंखा बसवा. खाली रद्दी, वर साड्या. दार उघडलं की दमट हवा आत जाते."

"हां, हां! आमची आई पण बल्ब ठेवते कपाटात," नंदकुमार म्हणाला. "पण हार?"

"पंखा बसवलाय ना. यंत्र झालं ते. यांचं काय, हे उद्या दाराच्या कडीला पण हार घालतील."

नंदकुमार हसला, "या काका लवकर," म्हणाला आणि पान्हा घेऊन खाली गेला.

कपाटात काय आहे हे सुनीतीबाईंना माहीत नव्हतं. पण नवऱ्याचा चेहरा माहीत होता, आणि तो पाहून त्या बोलल्या होत्या.

दार लागल्याचा आवाज आल्यावर त्या म्हणाल्या, "उघडा."

"सुनीती, ऐक तर..."

"उघडा आधी."

दिनानाथांनी उघडलं. आतला पांढरा उजेड दोघांच्या तोंडावर पडला. तीन हिरवी रोपं, वीतभर उंचीची, वाऱ्याने हलत होती. सुनीतीबाईंना ओळखायला क्षणही लागला नाही. हे पान त्यांनी मुद्देमालाच्या पिशव्यांतून वाळलेलं किती वेळा पाहिलं होतं. हिरवं जिवंत बहुधा पहिल्यांदाच.

"गॅलरीत तुळशीशेजारी नाही लावलीत, तेवढी तरी अक्कल होती म्हणायची," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

दिनानाथांनी मग सगळं सांगितलं. जाईचा फोन, शेजारच्या आजी, तेलाचे थेंब. बोलताना त्यांची नजर फरशीवर होती.

"म्हणजे माझ्यासाठी हे?"

"हो. दुसऱ्या कुणासाठी करीन मी?"

"आणि मला काय सांगणार होतात?"

"आयुर्वेदिक आहेत म्हणून..."

"मला न सांगता पाजणार होतात." सुनीतीबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अहो, माझं अंग दुखतंय, डोकं शाबूत आहे अजून. पोलीस आले असते तर? जाईने काय सांगितलं असतं चार लोकांत? आणि आत्ता मी काय केलं, पाहिलंत ना? आयुष्यभर लोकांना शपथा दिल्या. समोर उभं राहून माणसं खोटं बोलायची आणि मला वाटायचं, यांची जीभ रेटते कशी? आज माझी रेटली. अडखळली पण नाही हो! पैठणी काय, बुरशी काय. मला माझीच लाज वाटली."

"चुकलो मी," दिनानाथ म्हणाले. "पण तुझं कण्हणं ऐकवत नाही मला. काहीतरी करायलाच हवं होतं."

सुनीतीबाई रोपांकडे बघत होत्या. "रोज बघत होतात यांना?"

"हो. सकाळी आणि संध्याकाळी."

"बोलत पण होतात. भिंतीतून ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. मला वाटायचं जाईचा फोन आहे. मी म्हणायचे, जाऊ दे, मुलीशी तरी मोकळं बोलतात. काय बोलायचात यांच्याशी?"

दिनानाथ कसंबसं म्हणाले, "काय म्हणताय... बरं आहे ना... असंच."

सुनीतीबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ज्या नजरेची दिनानाथांना धास्ती होती ती ही नव्हती. हिच्यात कीव नव्हती, हिच्यात नुसतं दुःख होतं, आणि ते पाहणं जास्त कठीण होतं.

"मला विचारलंत का हो कधी, काय म्हणतेस? घंटी बसवलीत, टेबल केलंत, बटण आणलंत. मी बसा म्हटलं की आलोच म्हणून पळालात. मी तेव्हा झाड व्हायला हवं होतं."

दिनानाथांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हाताऱ्या पुरुषाला रडताना काय करावं ते कळत नाही, तसे ते उभे राहिले, हातातलं पातेलं धरून. मग ते खाली ठेवलं, आत हात घातला आणि तिन्ही रोपं मुळासकट उपटली. कात्रीने बारीक केली आणि बाथरूममध्ये जाऊन पाण्याबरोबर सोडून दिली. परत आले तेव्हा बोटं हिरवी झाली होती.

"डॉक्टरांना पुन्हा जाऊन विचारू," सुनीतीबाई म्हणाल्या. "दुखण्यावरचे वेगळे डॉक्टर असतात म्हणे, त्यांच्याकडे जाऊ. कायद्याने जे मिळत असेल आणि ते लिहून देतील, ते विष असलं तरी डोळे मिटून घेईन. पण चोरून काही नाही. आणि त्या कपाटात आता खरंच रद्दी भरा. वरच्या कप्प्यात माझ्या साड्या ठेवा, पैठणी धरून. बल्ब राहू दे. नंदकुमारला बोलले ते निदान उद्यापासून तरी खोटं राहायला नको."

हे ऐकून दिनानाथांना रडता रडता हसू आलं, आणि सुनीतीबाईंनाही. पण हसताना बरगडीत कळ आली आणि त्या वाकल्या. दिनानाथांनी त्यांना धरून पलंगापर्यंत आणलं, आडवं केलं.

खालून नंदकुमारची हाक आली. "काका! पंप वाट बघतोय, येताय ना?"

दिनानाथांचे पाय सवयीने दाराकडे वळले. हात तर शिवशिवत होतेच, तो वॉल्व्ह नंदकुमारला नीट जमायचा नाही हेही त्यांना ठाऊक होतं. सुनीतीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. जा म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. दिनानाथ गॅलरीत गेले.

"तूच घाल हार," त्यांनी खाली ओरडून सांगितलं. "मी नाही येत आज."

आत येऊन त्यांनी खुर्ची ओढली आणि पलंगाला टेकवून बसले. हात कुठे ठेवावेत कळेना, तेव्हा मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "कुठे दुखतं गं तुला? नीट सांग मला."

सुनीतीबाईंनी डोळे उघडले. हे खरंच विचारताहेत की नाही ते त्यांनी आधी पाहून घेतलं. मग पाठीमागे हात नेऊन म्हणाल्या, "इथून सुरू होतं. कण्यापाशी आधी मुंग्या येतात. मग इथे काखेखाली कुणीतरी उलथनं तापवून टेकवल्यासारखं. सकाळी कमी असतं, तुम्ही पेपर वाचता तेव्हा. दुपारी चढतं. आणि कधी कधी काही दुखत नसतं, पण आता दुखेल याची भीती असते, ती दुखण्याहून वाईट. ती कुणाला सांगता येत नाही." बोलता बोलता त्या थांबल्या. "कंटाळलात?"

"नाही," दिनानाथ म्हणाले. "पुढे सांग."